नेम आणि आधार

गेल्या दिवाळीत माझ्या नातीने तिचा आभासी वास्तवाचा हेडसेट माझ्या डोळ्यांवर चढवला. मुक्ता संगणकशास्त्र शिकते. तिने कंट्रोलर माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आजोबा, समोर सहा चौकोन दिसतील. हातातून निघणारा किरण हव्या त्या चौकोनावर न्या आणि तर्जनीखालचा खटका दाबा." चौकोन दिसत होते, किरणही दिसत होता. फक्त त्याचे टोक एका जागी ठरत नव्हते. खटका दाबला की शेजारचाच चौकोन उघडायचा. चौथ्या खेपेला मुक्ता म्हणाली, "हात जरा स्थिर ठेवा ना."

ती सहज बोलली, पण मला लागले. मी एकतीस वर्षे भोसरीतल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. ट्रेसिंगवर शाईची रेघ ओढताना हात हलला तर अख्खा कागद वाया जायचा, आणि माझे कागद फारसे वाया गेले नाहीत. साठीनंतर उजव्या हाताला थोडा कंप सुरू झाला. हा कंपवात नव्हे, वयाबरोबर काहींना येतो तसला आहे, असे डॉक्टर म्हणाले. तरीही मनगट कागदावर टेकवले की आजही मी सरळ रेघ मारतो. मग हवेतच नेम का चुकतो? दोष हाताचा की यंत्राचा?

या प्रश्नापायी मी वर्षभर जुने शोधनिबंध वाचले. मुक्ता ते मिळवून देई, अडलेले गणित समजावून देई. माणसाच्या बोटाचा नेम मोजण्याचा एक सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि आभासी वास्तवातील सगळ्या चाचण्या त्याच्याच खांद्यावर उभ्या आहेत, हे या वाचनात कळले. त्या इतिहासात एक गोष्ट सुरुवातीपासून हजर होती आणि तिची नोंद मात्र क्वचितच झाली, असे माझे मत बनले आहे. ती गोष्ट म्हणजे टेबल.

ठोक्यावर ओढलेल्या रेघा

आरंभ संगणकाच्या फार आधीचा आहे. १८९९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रॉबर्ट वुडवर्थ या तरुण मानसशास्त्रज्ञाने ऐच्छिक हालचालींच्या अचूकतेवर प्रबंध लिहिला. त्याची सामग्री साधी होती: फिरत्या दंडगोलावर गुंडाळलेला कागद, एक पेन्सिल आणि ठोके देणारा मेट्रोनोम. ठरलेल्या लांबीच्या रेघा ठोक्यावर ओढायच्या, ठोका हळूहळू जलद करायचा आणि चूक किती वाढते ते मोजायचे.

डोळे उघडे असताना वेग वाढला तशी चूक वाढत गेली. डोळे मिटून ओढलेल्या रेघांत मात्र वेग कमी केल्याचा फारसा फायदा दिसेना. यावरून वुडवर्थने हालचालीचे दोन भाग केले. पहिला म्हणजे सुरुवातीचा झटका, जो हाताला लक्ष्याच्या आसपास नेतो. दुसरा म्हणजे डोळ्याने पाहत केलेली बारीक दुरुस्ती. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून घाई केली की तीच पहिली बळी जाते. कॅरम खेळणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. स्ट्रायकर सुटला की सुटला, तिथे दुसरा भाग नसतोच. सुईत दोरा ओवताना मात्र जवळजवळ सगळे काम दुसऱ्या भागाचेच असते.

चुकीचा खटका ओढणारे वैमानिक

या कथेचा खरा नायक पॉल फिट्स. जन्म १९१२, मृत्यू १९६५. आज संगणकाच्या पडद्यावरची बटणे केवढी असावीत हे ठरवताना ज्याचे नाव घेतले जाते, तो हाच मानसशास्त्रज्ञ. पण त्याचे सूत्र सांगण्याआधी त्याचे त्यापूर्वीचे काम सांगायला हवे, कारण माझ्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर फिट्स अमेरिकी लष्कराच्या हवाई दलासाठी काम करत होता. ओहायो राज्यातल्या डेटन शहराजवळ राइट फील्ड येथील वैद्यकीय प्रयोगशाळेत त्याच्याकडे मानसशास्त्राचा विभाग होता. विमान पडले की चौकशीचा निष्कर्ष बहुधा एकच लागे: वैमानिकाची चूक. फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांनाच बोलते केले आणि विमानाची नियंत्रणे हाताळताना झालेल्या अशा ४६० 'चुकां'चे विश्लेषण १९४७ साली मांडले. त्यांतल्या सुमारे निम्म्या एकाच जातीच्या होत्या: एका दांड्याऐवजी दुसराच दांडा ओढला गेला होता. इंजिनाचे दांडे दिसायला सारखे आणि एका विमानात त्यांचा क्रम एक, तर दुसऱ्यात वेगळा. चाके वर घेण्याची कळ आणि पंखाच्या झडपांची कळ शेजारीशेजारी आणि हाताला सारख्याच लागणाऱ्या.

वैमानिकाला अधिक शिस्त लावा, असे फिट्सने म्हटले नाही. दांड्यांचे आकार वेगळे करा, जागा सगळ्या विमानांत एकच ठेवा, असे तो म्हणाला. चूक हाताने केलेली दिसते, पण तिचे मूळ यंत्राच्या मांडणीत असते, हे त्याने दाखवून दिले. हे वाचले तेव्हा मुक्ताचे 'हात स्थिर ठेवा' मला आठवले आणि थोडे बरे वाटले.

१९५४ साली ओहायो स्टेट विद्यापीठात असताना फिट्सने तो गाजलेला निबंध लिहिला. क्लॉड शॅनन याने १९४८ साली संदेशवहनाचा गणिती सिद्धांत मांडला होता. तारेतून सेकंदाला किती 'बिट' माहिती जाऊ शकते, हे त्यातून काढता येई. फिट्सने विचारले, माणसाचा हात हीदेखील एक तारच मानली तर?

प्रयोग असा. टेबलावर धातूच्या दोन पट्ट्या. हातात धातूची लेखणी. तिने या पट्टीवर, मग त्या पट्टीवर, असे आळीपाळीने टोके मारायचे. पट्ट्यांची रुंदी २, १, अर्धा आणि पाव इंच. दोन पट्ट्यांमधले अंतर २, ४, ८ आणि १६ इंच. म्हणजे एकूण सोळा प्रकार, प्रत्येक फेरी १५ सेकंदांची. पट्टीच्या दोन्ही अंगांना आणखी पत्रे होते, त्यांवर लेखणी पडली की चूक नोंदली जाई. एकदा लेखणी एक औंस वजनाची, एकदा एक पौंडाची. हात होते सोळा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे. सगळे पुरुष, सगळे उजवे.

निष्पन्न झाले ते सूत्र असे: अंतराच्या दुपटीला रुंदीने भागा आणि त्याचा दोन पायाचा लॉगरिदम घ्या. हा झाला कामाचा अवघडपणा, बिटमध्ये. दोन इंचांवरची दोन इंची पट्टी म्हणजे १ बिट. सोळा इंचांवरची पाव इंची पट्टी म्हणजे ७ बिट. हलक्या लेखणीने पहिल्या कामात प्रत्येक टोक्याला सुमारे ०.१८ सेकंद लागत होते, शेवटच्यात सुमारे ०.७३. मधली कामेही जवळजवळ याच चढणीवर बसली. अंतर दुप्पट करा किंवा रुंदी निम्मी करा, वेळ साधारण सारखाच वाढतो. बहुतेक कामांत हाताची गती सेकंदाला दहा ते बारा बिटच्या आसपास राहिली.

हे सूत्र देखणे आहे यात वाद नाही. पण मी प्रयोगाची मांडणी पुन्हा पुन्हा पाहत राहिलो. लेखणी पट्टीवर आपटते तेव्हा हात थांबतो. तो थांबवण्याचे काम स्नायूंना एकट्याने करावे लागत नाही. टेबल ते काम अर्धे वाटून घेते. वर 'टक्' असा स्पर्श होतो आणि पोहोचल्याची पावतीही मिळते. सूत्रात अंतर आहे, रुंदी आहे, वेळ आहे. टेबल नाही. त्या वेळी त्याची गरजही नव्हती, कारण टेबल सगळ्यांच्याच प्रयोगात होते.

१९६८, सॅन फ्रान्सिस्को

डिसेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला संगणकतज्ज्ञांचे एक मोठे संमेलन भरले. ९ डिसेंबरला डग्लस एंगलबार्ट याने तिथे दीड तासाचे प्रात्यक्षिक दिले आणि त्यात माउस जगासमोर आला. त्याच संमेलनाच्या इतिवृत्तात हार्वर्डच्या आयव्हन सदरलँड याचा डोक्यावर बसवायच्या त्रिमितीय पडद्याविषयीचा निबंध आहे. आज ज्या दोन वाटा मुक्ताच्या हेडसेटमध्ये एकमेकींना भिडल्या आहेत, त्या एकाच संमेलनात शेजारीशेजारी उभ्या होत्या.

माउस काही अचानक सुचून बाजारात आला नव्हता. विल्यम इंग्लिश, एंगलबार्ट आणि सहकाऱ्यांनी १९६७ साली एक तुलना प्रसिद्ध केली होती. पडद्यावरचा मजकूर निवडायला माउस, प्रकाशलेखणी, जॉयस्टिक यांबरोबर टेबलाखाली बसवलेले, गुडघ्याने चालवायचे एक साधनही तिच्यात होते. सरावलेल्या लोकांत माउस पुढे राहिला. नवख्यांच्या हाती मात्र प्रकाशलेखणी आणि गुडघ्याचे साधन माउसपेक्षा जलद ठरले. एकाच साधनाचा क्रमांक माणूस बदलला की बदलतो, हे इतक्या आधी नोंदलेले आहे.

पुढे १९७८ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील केंद्रातून स्टुअर्ट कार्ड, इंग्लिश आणि बेट्टी बर यांनी माउस, जॉयस्टिक आणि कळा यांची मोजणी प्रसिद्ध केली. माउसचा वेळ फिट्सच्या सूत्रावर चपखल बसला. त्याचा वेग मोकळ्या हाताच्या वेगाच्या जवळ जाणारा होता. अर्थ असा, की माउसमध्ये जी मर्यादा उरते ती बहुतांशी माणसाच्या डोळ्याची आणि हाताची आहे. निष्कर्ष खराच होता, पण माउस वापरणारा हात टेबलावर विसावलेला असतो. हातातून सोडला तरी माउस जिथल्या तिथे राहतो, आणि त्याचे बटण दाबण्याची दिशा टेबलाच्या पृष्ठभागाकडे असते, त्यामुळे दाबताना कर्सर फारसा सरकत नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमच्या ऑफिसात कॅड आले, तेव्हा ड्रॉइंग बोर्डावरून माउसवर यायला मला तीन आठवडे लागले. मनगटाला आधार तोच होता, म्हणून निभावले.

सदरलँडच्या पडद्याला टेबल नव्हते. डोके कुठे वळले हे कळण्यासाठी छतापासून एक यांत्रिक दांडा खाली आला होता. तारेचे असावेत तसे ठोकळे खोलीच्या पोकळीत तरंगताना दिसत. पाहणारा त्यांच्याभोवती फिरू शकत होता. पण त्यांना बोट कसे लावायचे? सदरलँड पुढे यूटा विद्यापीठात गेल्यावर तिथे सत्तरच्या दशकात डोनाल्ड व्हिकर्स याने या पडद्याला हातात धरायच्या एका कांडीची जोड दिली. हवेतल्या वस्तूला हवेतूनच शिवण्याचा हा आरंभकाळातला प्रयत्न.

हात लांब, किरण आणि चांदोबा

त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत 'लांबची वस्तू कशी निवडायची' या एका प्रश्नावर किती कल्पना लढवल्या गेल्या, हे पाहून मजा वाटते.

१९८० साली एमआयटीत रिचर्ड बोल्ट याने मनगटाला चुंबकीय संवेदक बांधून भिंतभर पडद्याकडे बोट दाखवायला लावले आणि निवड मात्र तोंडाने करायला सांगितली: 'ते तिथे ठेव'. 'ते' म्हणताना बोट ज्यावर असेल ते निवडले जाई. बोट दाखवते, शब्द ठरवतो. ही वाटणी पुढे महत्त्वाची ठरणार होती. ऐंशीच्या दशकात जॅरन लॅनियर आणि टॉमस झिमरमन यांच्या कंपनीचा डेटाग्लोव्ह आला. हातमोजातल्या हाताची प्रतिमा आभासी खोलीत हलू लागली, पण हात हाताएवढाच लांब.

१९९६ साली इव्हान पुपिरेव आणि सहकाऱ्यांनी हातच लांब केला. हात शरीराजवळ असेतोवर आभासी हात खऱ्या हाताबरोबर चालतो. पूर्ण लांबीच्या दोन तृतीयांशांपलीकडे तो गेला, की आभासी हात झपाट्याने वाढू लागतो. नाव 'गो-गो', इन्स्पेक्टर गॅजेट या कार्टूनमधल्या लांबणाऱ्या हातावरून. दुसऱ्यांनी हात सोडून किरण धरला. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात लियांग आणि ग्रीन यांनी १९९४ साली किरणाऐवजी बॅटरीच्या झोतासारखा शंकू वापरला, म्हणजे लहान वस्तूवर काटेकोर नेम धरायची गरज कमी. १९९७ साली जेफ्री पिअर्स आणि सहकाऱ्यांनी त्याहून सोपी युक्ती मांडली. एक डोळा मिटून चांदोबाला चिमटीत पकडायचा खेळ आपण सगळेच लहानपणी खेळलो आहोत. नेमके तेच. दूरची वस्तू दोन बोटांच्या फटीत दिसली की पकडली.

त्याच वर्षी डग बोमन आणि लॅरी हॉजेस यांनी हात लांबवण्याच्या आणि किरणाच्या पद्धती शेजारी ठेवून तपासल्या. किरणाने वस्तू निवडणे सोपे, पण निवडलेली वस्तू फिरवणे, जवळ आणणे अवघड. हाताने फिरवणे सोपे, पण लांबवलेल्या हाताने निवडणे अवघड. तेव्हा किरणाने निवडा आणि निवडल्यावर हाताने हाताळा, अशी सांगड त्यांनी घातली. आज बाजारातल्या बहुतेक हेडसेटमध्ये दूरच्या वस्तूंसाठी किरणच आहे. माझा नेम चुकवणारा तो हाच.

पोकळीतला नेम कसा मोजायचा

आता मूळ प्रश्न. इतक्या पद्धतींतली बरी कोणती, हे ठरवायचे कसे? टेबलावरच्या कामासाठी तोवर पद्धत ठरून गेली होती. २००० साली तिला आयएसओचे प्रमाणपत्रही मिळाले. पडद्यावर वर्तुळाच्या परिघावर गोल लक्ष्ये मांडायची आणि एकातून समोरच्यावर, मग तिथून पुढच्याच्या समोर, असे टिपत जायचे. वेळ आणि चुका एकत्र करून सेकंदाला किती बिट, हा एक आकडा काढायचा. हीच चाचणी हेडसेटच्या आत नेली गेली. तिथे मात्र ती जागोजागी अडली.

पहिली अडचण अंतराची. किरणाच्या दृष्टीने इंच महत्त्वाचे नसतात, कोन असतो. मनगट एका अंशाने हलले तर पाच मीटरवर किरणाचे टोक जवळजवळ नऊ सेंटिमीटर सरकते. ड्रॉइंग बोर्डावर जो कंप पेन्सिलीच्या टोकाशी दिसणारही नाही, तो तिथे वितीच्या निम्म्याएवढा होतो. २०१० साली रेजिस कॉपर, बोमन आणि सहकाऱ्यांनी मोठ्या पडद्यावर दुरून नेम धरणाऱ्यांची मोजणी केली. लक्ष्याचे कोनातले लहानपण हे दोन लक्ष्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त महागात पडते, असे त्यांना दिसले. फिट्सच्या टेबलावर दोघांचे वजन सारखे होते. पोकळीत नाही.

दुसरी अडचण खोलीची. हेडसेटमध्ये दोन्ही डोळे वस्तूच्या अंतरावर वळतात, पण बुबुळामागचे भिंग मात्र ठरावीक अंतरावरच्या पडद्यावर स्थिरावलेले असते. नेहमी एकत्र काम करणाऱ्या या दोन व्यवस्था तिथे फारकत घेतात. २००८ साली मार्टिन बँक्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की या विसंगतीने डोळे दमतात आणि खोली ओळखायला वेळ लागतो. वुडवर्थच्या दुसऱ्या भागाचा, म्हणजे पाहत पाहत केलेल्या दुरुस्तीचा पायाच इथे डळमळतो.

तिसरी अडचण विलंबाची. हात हलल्यावर चित्र हलायला वेळ लागला तर माणूस जुन्या जागेला दुरुस्त करत बसतो. स्कॉट मॅकेन्झी आणि कॉलिन वेअर यांनी १९९३ साली साध्या पडद्यावर मुद्दाम विलंब घालून पाहिला. २२५ मिलिसेकंदांच्या विलंबाने वेळ ६४ टक्क्यांनी आणि चुका २१४ टक्क्यांनी वाढल्या. एक चतुर्थांश सेकंदसुद्धा नाही, आणि हा परिणाम. आजच्या यंत्रांत विलंब फार कमी झाला आहे, पण किरणाची थरथर झाकायला चित्र जितके गुळगुळीत करावे तितका तो पुन्हा डोके वर काढतो.

चौथी अडचण मला सर्वांत जवळची: खटका. नेम बरोबर असतो, पण दाबण्याच्या क्षणी दाबणारे बोट हातालाच हलवते. २००१ साली बोमनच्या गटाने याला भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गचे नाव दिले, कारण निश्चिती करण्याची कृतीच निश्चित करायची गोष्ट बिघडवते. द्रोणाचार्यांची परीक्षा आपल्याला पाठ आहे: झाड दिसते का, फांदी दिसते का, आणि अर्जुनाला पक्ष्याचा डोळा तेवढा दिसतो. पण ती परीक्षा बाण सुटण्याआधीची. कोणत्याही तिरंदाजाला विचारा, तो म्हणेल खरी परीक्षा बोटे सोडताना असते. माउसच्या बटणाखाली टेबल होते. कंट्रोलरच्या खटक्यामागे फक्त माझा हात.

या चारही अडचणी एकत्र पाहिल्या की मला एकच उत्तर दिसते. आभासी वास्तवाने आपल्याला नवे जग दिले आणि देताना हाताखालचे टेबल काढून घेतले. मोजण्याची पट्टी मात्र टेबलावरचीच राहिली.

कोणाचा हात?

इथे एका तांत्रिक बाबीत शिरावे लागेल, कारण माणसाचा प्रश्न तिच्यातच लपला आहे. आयएसओच्या पद्धतीत लक्ष्याची छापील रुंदी धरत नाहीत. टोके प्रत्यक्षात किती पसरले ते पाहतात आणि त्या पसाऱ्याच्या प्रमाणित विचलनाला ४.१३३ ने गुणून 'परिणामी रुंदी' काढतात. युक्ती रास्त आहे. घाईने, ढिसाळपणे टोके मारून वेळ वाचवणाऱ्याला ती फायदा मिळू देत नाही. त्याने जणू रुंद लक्ष्यावरचे सोपे काम केले, असे ती धरते.

पण माझा विचार करा. मी घाई करत नाही, ढिसाळही नाही. तरी माझे टोके पसरतात. हिशेब मलाही तेच म्हणतो: याने सोपे काम केले, तेही हळू. एकाच माणसाच्या हातात दोन साधने देऊन त्यांची तुलना करायला हा आकडा चांगला आहे. तो माणसाचा आकडा म्हणून वाचला, की साधनाची उणीव हाताच्या नावावर चढते. १९४७ साली फिट्सने जी सवय मोडायला सांगितली, तीच इथे १९५४ च्या फिट्सचे बोट धरून मागच्या दाराने आत येते.

उपाय नाहीत असे नाही, आणि ते नेम सुधारायला न सांगणारे आहेत. टोव्ही ग्रॉसमन आणि रवीन बालकृष्णन यांच्या २००५ च्या 'बबल कर्सर'मध्ये कर्सर बुडबुड्यासारखा लहानमोठा होतो आणि सर्वांत जवळचे लक्ष्य आपोआप पकडतो. २०१२ साली गेरी कॅसिएझ आणि सहकाऱ्यांनी 'एक युरो फिल्टर' मांडला. हात हळू चालत असेल तर तो थरथर पुसतो, वेगाने चालत असेल तर पुसणे कमी करतो, म्हणजे विलंब वाढत नाही. २०२४ साली बाजारात आलेल्या ॲपलच्या हेडसेटमध्ये डोळा दाखवतो आणि चिमटी ठरवते. हात मांडीवर विसावलेला चालतो. बोल्टने केलेली वाटणी चव्वेचाळीस वर्षांनी अशी परत आली आणि तिच्याबरोबर हाताला आधारही मिळाला. अर्थात नजर ही काही फुकटची लेखणी नव्हे. रॉबर्ट जेकब याने १९९० सालीच बजावले होते, की नजरेनेच सगळे निवडले जाऊ लागले तर माणसाची अवस्था राजा मिडाससारखी होईल, पाहील ते उघडेल. आणि ज्यांची दृष्टी तिरळी आहे किंवा डोळे थरथरतात, त्यांची गत मग माझ्यासारखी.

जेवणाच्या टेबलावर

गणपतीच्या सुट्टीत मुक्ता आली, तेव्हा आम्ही ड्रॉइंग शीटवर अर्ध्या इंचाच्या दोन पट्ट्या आठ इंचांवर आखल्या. फिट्सच्या हिशेबाने ५ बिट. पेन्सिलीने पंधरा पंधरा सेकंद टोके मारले. ती जलद, मी सावकाश, पण माझे ठिपके पट्टीबाहेर फारसे गेले नाहीत. मग तीच शीट भिंतीला लावून आम्ही पलीकडच्या भिंतीपाशी उभे राहिलो आणि लेझर टॉर्चने नेम धरला. माझा ठिपका नाचू लागला. मजा अशी, की मुक्ताचाही नाचत होता, थोडा कमी इतकेच. कंप प्रत्येक निरोगी हातालाही असतो. टेबल तो झाकते. आकडे देत नाही, कारण दोघांच्या खेळाला प्रयोग म्हणणे बरे नव्हे.

नंतर तिने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. उजव्या हाताने किरण धरायचा, खटका डाव्या हाताने दाबायचा, आणि किरणाच्या जवळात जवळचा चौकोन निवडला जायचा. मला हाताच्या खुर्चीत बसवून कोपर टेकवायला लावले. सहापैकी हवा तो चौकोन पहिल्याच खेपेला उघडला.

याच विषयावर तिचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आहे. वर्गातले बारा जण आणि तेरावा मी, अशी यादी. परवा तिचा फोन आला. "आजोबा, तुमचे आकडे बाकीच्यांपासून फार लांब जातात. त्यामुळे सरासरी बिघडते. गाईड म्हणतात, अपवाद म्हणून काढून टाक. टाकू का?"

मी तिला फिट्सच्या ४६० चुकांची आठवण करून दिली. त्या काढून टाकल्या असत्या तर दांड्यांचे आकार बदलले नसते. "सरासरीत घालू नकोस," मी म्हटले, "पण माझ्यासाठी वेगळा तक्ता कर. आणि त्यात आधी खुर्ची कोणती होती ते लिही."

तक्ता झाला आहे. पहिला रकाना 'हाताला आधार: आहे / नाही' असा आहे.